सुलटे आटे

रत्नागिरीहून आंबा घाट चढून ती सायकल माझ्या कोल्हापूरच्या वर्कशॉपात आली ती टेम्पोतून, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर आडवी पडून. ब्रशने फासलेला काळा ऑइलपेंट, सव्वीस इंची चाकं, मागे कॅरिअर आणि हँडलखालच्या नळीवर रॅले या इंग्लिश कंपनीचा पितळी बिल्ला. घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या, "आजोबांची रॅले आहे. जहाजावर फिटर होते ते. बीबी कुरकुरते, पण उजवीकडचा कप रत्नागिरीत कुणाला निघाला नाही. तेवढा काढा, नवे छर्रे घाला आणि पावडर कोट करून चकचकीत काळी करून द्या." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस ज्यात फिरतो ती फ्रेमच्या तळाची आडवी नळी. तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप बसतात.

मला तो बिल्ला पहिल्यापासूनच पटला नाही. स्क्रूची भोकं एका रेषेत नव्हती, आणि कारखान्यात असं काम होत नाही. कॅरिअर, मडगार्ड, चाकं उतरवून नुसती फ्रेम उचलली तर ती आपल्या रोजच्या सायकलीच्या फ्रेमपेक्षा कितीतरी हलकी. मधल्या नळीवर नखाने टिचकी मारली की आवाज घुमायचा. मागच्या चिमट्याच्या टोकाशी रंगाचा जाड थर होता. तो खरवडला तर खाली डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा पार्ट, अडकवायचा कान निघाला आणि त्याच्या वर कॅम्पाग्नोलो ही अक्षरं. क्रँकवरही, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्यावरही, रंगाखाली तेच नाव.

आता इथे पुष्कळजण फसतात. कॅम्पाग्नोलोचं नाव दिसलं की सायकल इटालियन, असं नसतं. इटलीतल्या व्हिचेन्झाच्या या कारखान्याचे पार्ट्स आणि चिमट्याची टोकं जगभरचे फ्रेम करणारे वापरत होते. रॅलेच्याही वरच्या रेसिंग मॉडेलांवर ते येत. पार्ट कुठल्याही फ्रेमवर चढतो आणि उतरतो. बिल्ला तर कुणीही ठोकतो. जे बदलता येत नाही ते बघायचं असतं, आणि त्यात सगळ्यात बोलकी जागा म्हणजे बीबीची नळी, आणि तीच इथे बंद होती.

त्या कपाच्या कडेवर छिन्नीचे घाव होते. भिंगाखाली बघितलं तर सगळे घाव एकाच दिशेने झुकलेले. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांनी कप घड्याळाच्या दिशेने फिरवायला बघितला होता. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या सायकली इंग्लिश धाटणीच्या, त्यांच्या उजव्या कपाला उलटे आटे असतात, आणि हे दुकानातल्या पोऱ्यालासुद्धा पहिल्या आठवड्यात कळतं. उलटे का, तर पायडल मारताना त्या कपावर जो जोर फिरत राहतो तो सुलट्या आट्यांना हळूहळू सैल करतो. इटालियनांनी मात्र दोन्ही बाजूंना सुलटेच आटे ठेवले आणि उजवा कप ताकद लावून आवळायचा असा शिरस्ता पाडला.

बीबीच्या दोन्ही कडांवरचा रंग ब्लेडने साफ केला, कारण ऑइलपेंटचे थर मापात मिलिमीटरभराचा घोळ सहज करतात. मग व्हर्नियर लावला. ७० मिमी. इंग्लिश बीबी ६८ची असते. डावा कप सहज निघाला होता, त्याच्या आट्यांचा व्यास घेतला. इंग्लिश कप ३४.८च्या आसपास भरतो, हा ३६च्या जवळ होता. दोन्ही मापं इटलीकडे बोट दाखवत होती. कपाच्या कडेला गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या लेथवाल्या मामांना हाक मारली. उद्यमनगरात त्यांची उभी हयात लोखंड कापण्यात गेली. कपाच्या दोन सपाट कडा व्हाइसमध्ये पकडल्या, फ्रेम वर आडवी राहिली. एक टोक मामांनी धरलं, एक मी. अशा वेळी फ्रेमच पान्याचं काम करते, आणि एवढा लांब पाना बाजारात मिळत नाही.

"उजवा कप हाय न्हवं? मग उलटे आटे," मामा म्हणाले आणि त्यांनी नेहमीच्या दिशेला जोर धरला.

"मामा, थांबा. हे सुलटे आहेत."

"कशावरनं?"

मी डावा कप आणि व्हर्नियर त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः माप घेतलं, पुन्हा घेतलं, चष्मा वर केला आणि काही न बोलता जागा बदलून उभे राहिले. दोघांनी मिळून दुसऱ्या बाजूला जोर दिला. आधी काहीच झालं नाही. मग नळीच्या आतून कट्ट असा आवाज आला, फ्रेम बोटभर सरकली, आणि पुढचे सगळे आटे हाताने सुटले. आतलं ग्रीस डांबरासारखं काळं झालं होतं, पण आटे शाबूत होते. इतक्या वर्षांत ज्यांनी जोर लावला त्यांनी तो कप उघडला नव्हता, आणखी घट्ट केला होता.

मामा एवढंच म्हणाले, "पोराला बोलीव. त्यानं बघाय पायजे." त्यांच्या मुलाला बोलावून आम्ही तो कप पुन्हा दोन आटे चढवून, उतरवून दाखवला.

मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. पुढचा चिमटा काढला, खालून टॉर्च मारला. चिमट्याच्या दांड्याच्या आत, तळाशी, मळसूत्रासारख्या तिरक्या उठावदार रेघा होत्या. मिलानच्या कोलंबस कंपनीने आपल्या रेसिंग नळ्यांच्या दांड्याला बळकटीसाठी अशा रेघा दिल्या होत्या. दांड्यावर घासून पुसट झालेलं कबुतराचं चिन्हही सापडलं, कोलंबसचंच. सीटचा अॅल्युमिनियमचा दांडा खारी हवा खाऊन आत फुगून बसला होता. तो आतून करवतीने चिरून तुकड्यांनी काढावा लागला, त्यात दुपार गेली. पण नळीचा आतला व्यास २७.२ भरला. वरच्या टोकाला नळीचा पत्रा पातळ असल्याशिवाय या जातीच्या फ्रेमला हे माप येत नाही. टिचकीला घुमणारा आवाज त्या पातळ पत्र्याचा होता.

काळाचा अंदाज क्रँकवरून आला. चेनचाकाच्या शेजारशेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर ८४.६ मिमी, म्हणजे बोल्टांचं वर्तुळ १४४चं. कॅम्पाग्नोलोने रेकॉर्ड या मॉडेलच्या क्रँकला हे माप १९६७ला दिलं, त्याआधी ते १५१ होतं. गिअरच्या वायरीसाठी फ्रेमला डाग देऊन बसवलेले घोडे नव्हते, ते पट्ट्यांनी आवळलेले होते. म्हणजे फार तर सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतची. संध्याकाळी ताईंना फोन करून विचारलं, आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, आहे का? होती. त्यांनी पानांचे फोटो पाठवले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका फेरीवर इटलीतल्या जेनोआ बंदराचा शिक्का होता.

चाकांचीही उकल झाली. मूळ चाकं चोरीला गेली, मग आजोबांनी मिळाली ती सव्वीस इंची घातली, असं ताईंच्या आईला आठवत होतं. त्या लहान रिमपर्यंत ब्रेकचे रबर पोचतच नव्हते. रेसिंग सायकलची मोठी ७००सी रिम धरून बघितली तर बरोबर समोर आले. अरुंद हबसाठी मागचा चिमटा दाबून जवळ आणला होता, तो पुन्हा १२० मिमीवर नेला. स्टीलला हे थंडपणी करता येतं, म्हणून मला स्टील आवडतं. हँडलच्या नळीपासून दोन्ही टोकांना दोरा ताणून मधल्या नळीपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं येईपर्यंत हळूहळू ओढायचं. घाई केली तर एकच बाजू वाकते.

पावडर कोटला मी नाही म्हटलं. आधी वाळूचा मारा करून फ्रेम नागडी करायची आणि मग लग्जच्या, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबण्यांच्या, कोरीव कडा प्लॅस्टिकच्या थराखाली बुजवायच्या, असली चकाकी या फ्रेमला नको. काळा रंग बांबूच्या पट्टीने, थिनरचा बोळा जपून फिरवत, टवका टवका काढला. उजव्या मागच्या नळीवर तो नखानेच सुटला, कारण खाली क्रोम होतं. बाकी फ्रेमवर फिकट निळा रंग आला. मोठ्या नळीवर मात्र कुणीतरी पूर्वी पॉलिश कागद घासलेला, तिथे नाव असेल तर ते कायमचं गेलं. बीबीवर, लग्जवर, चिमट्याच्या माथ्यावर कुठेही कोरीव खूण नाही.

ओळखीच्या एका संग्राहकाने सुचवलं की कोलनागो या नावाजलेल्या इटालियन कंपनीच्या नावाची ट्रान्सफर, म्हणजे चिकटवायची अक्षरं, मागव आणि लाव, किंमत चौपट होईल. मी लावली नाही. कोलनागोच्या फ्रेमवर सहसा पत्त्यातल्या किलवराची खूण असते, इथे ती नाही, आणि कुठल्याशा अनाम कारागिराने डाग दिलेल्या सांध्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवणं मला चोरी वाटते. इटलीत असे कितीतरी छोटे फ्रेमवाले होते, ते दुसऱ्यांच्या नावाखाली काम करत. या कारागिराचा हात चांगला होता. सांध्यांमधून पितळेचा थेंबही बाहेर आलेला नाही. ताईंना हे समजावताना मला भीती होती की रॅले गेली आणि बदल्यात काहीच नाव मिळालं नाही म्हणून त्या नाराज होतील. त्या म्हणाल्या, "नाव नसू दे. दादा, पण ही त्यांनी इटलीतून आणली, हे नक्की ना?" सीडीसीतल्या शिक्क्यावरून आणि आट्यांवरून तेवढं मी खात्रीने म्हणू शकत होतो.

नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवलं, बाहेरून मेण. निळा रंग जिथे उडालाय तिथे तसाच ठेवला. रॅलेचा बिल्ला काढून पाकिटात घालून दिला, भोकं तशीच राहिली.

परवा ताईंचा पुन्हा फोन आला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डिरेलर मिळाला. फोटो मोठा करून बघितला तर वरच्या भागावर पेटंट-७२ असं ठसठशीत उठलेलं. हे डिरेलरचं वर्ष आहे, फ्रेमचं नव्हे, हे त्यांना लगेच सांगितलं. तरी सगळं जुळतंय. स्प्रिंग अजून ताठ आहे म्हणतात. त्या पुढच्या आठवड्यात तो घेऊन येणार आहेत, तोवर मला चिमट्याचा कान सरळ करून पाच चकत्यांचं फ्रीव्हील शोधून ठेवायचंय.