नाशिकमधून व्यावसायिक गोलकीपर होताना: जमीन, पाय, कागद आणि करार

नाशिकमध्ये कीपिंग शिकायचं तर पहिला विचार जमिनीचा. पावसाळा सोडला तर इथली बहुतेक मैदानं मुरमाची आणि कडक. टर्फवर (कृत्रिम गवतावर) शिकणाऱ्या पोरांसारख्या वर्षभर झेपा टाकायला गेलात तर हिवाळ्यापर्यंत कंबरेची बाजू सोलून निघते आणि मनात पडण्याची भीती बसते. ही भीती जखमेपेक्षा जास्त नुकसान करते. म्हणून मी वर्षाची सरळ वाटणी केली. जून ते सप्टेंबर, जमीन मऊ असताना, झेपा. ऑक्टोबरपासून पाय, उभं राहायची जागा आणि क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर येणारे चेंडू. झेपेची सवय सुटू नये म्हणून कोरड्या महिन्यांत लांब उडीचा वाळूचा खड्डा वापरायचा, पण आधी फावड्याने वाळू सैल करून खडे वेचून काढायचे.

झेप उभ्याने शिकायला घेऊ नये. आधी बसून, मग गुडघ्यांवर, मग उकिडवं आणि शेवटी उभं राहून. चेंडू समोरच्याने हातानेच टाकायचा. जमिनीला टेकण्याचा क्रम असा: पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर, खांदा. कोपर किंवा तळहात आधी टेकवला की सगळा भार मनगटावर, खांद्यावर नाहीतर गळ्याजवळच्या हाडावर येतो. भीती वाटली की हात जमीन शोधायला जातात आणि चेंडू सुटतो, म्हणून हात कायम चेंडूकडेच जायला हवेत. दिशाही महत्त्वाची. चेंडूकडच्या पायाने तिरकं पुढे पाऊल टाकायचं. मागे किंवा गोललाइनला समांतर झेप घेतली तर चेंडूला पसरायला जास्त वाव मिळतो आणि बोटं लागूनही तो आत जातो.

पायांचं काम मात्र कोरड्या मैदानावर उत्तम होतं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. ही रुंदी डोळ्यांत बसवण्यासाठी दोन्ही खांबांना एकेक दोरी बांधायची आणि दोन्ही टोकं चेंडूपाशी आणून धरायची. तयार झालेल्या त्रिकोणात कीपरने चालून बघायचं. एक पाऊल पुढे आलं की झाकायची जागा किती कमी होते हे सांगावं लागत नाही, दिसतं. मग चेंडू पाच-पाच पावलं सरकवायचा आणि कीपरने दरवेळी दोन दोऱ्यांच्या मधोमध, चेंडूकडे तोंड करून उभं राहायचं. शेवटी दोऱ्या काढून तीच जागा अंदाजाने घ्यायची.

याच्या जोडीला एकच गोष्ट घोटायची, ती म्हणजे सेट होणं. समोरच्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी आपले दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर, हात गुडघ्यांच्या पुढे. जागा चुकली तरी चालेल, पण फटका बसताना चालतं राहू नये. चालत्या पायाला उलट दिशेने ढकलताच येत नाही. जिल्हा पातळीवर कीपरने खाल्लेले गोल नीट पाहा. अंगाजवळून, अगदी हाताच्या अंतरावरून गेलेले बरेच गोल यामुळेच झालेले असतात, उंची कमी पडल्यामुळे नाही.

आता चेंडू पायाने खेळता येणंही तितकंच लागतं. १९९२ मध्ये बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू, हातात घ्यायला बंदी आली. २०१९ पासून गोलकिकच्या वेळी आपला खेळाडू पेनल्टी बॉक्सच्या आत उभा राहून चेंडू घेऊ शकतो. २०२५-२६ पासून कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजतो. जुन्या पद्धतीने चेंडू पोटाशी धरून संघ वर जाण्याची वाट बघत बसलात तर फुकटचा कॉर्नर द्याल. रोज भिंतीवर दोन्ही पायांनी पास, आणि त्यातले निम्मे कमकुवत पायाने. पेनल्टीचा नियमही पाठ हवा: चेंडू मारला जाताना एका पायाचा थोडा तरी भाग गोललाइनवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे असायला हवा. पंचांच्या नजरेत येण्याआधीच मागचा पाय लाइनवर ठेवून पुढच्या पायाने पाऊल टाकायची सवय लावा.

ग्लोव्हजमध्ये पैसे वाया घालवणारी मुलं मला सतत दिसतात. तळव्याचं महागडं मऊ लेटेक्स (रबर) मुरमावर आठवड्यात फाटतं. सरावाला जाड, कमी चिकट तळव्याचा जोड आणि सामन्याला चांगला, असे दोन ठेवा. नवा जोड कोमट पाण्यात साबणाशिवाय हलका धुतला की वरचा थर निघतो आणि पकड येते. खेळण्याआधी तळवा थोडा ओला करायचा, म्हणून गोलच्या जाळीपाशी पाण्याची बाटली आणि टॉवेल हवाच. धुतल्यावर सावलीत वाळवा. उन्हात किंवा बॅगेत ओले कोंबलेले ग्लोव्हज तळव्याला भेगा पडून जातात.

बोटांबद्दल सगळ्यात कळकळीने सांगतो. मुरगळलेलं बोट मैदानावर कुणालाही ओढून 'बसवू' देऊ नका. आत हाड तुटलेलं असेल तर ओढल्याने ते सरकतं. बर्फ लावा, शेजारच्या बोटाला टेप करा आणि एक्स-रे काढा. बोटाचं टोक खाली लोंबतंय आणि आपलं आपल्याला सरळ करता येत नाही, तर तो तुटलेला स्नायूबंध असतो. त्याला सहा ते आठ आठवडे स्प्लिंट (बोट सरळ धरणारी पट्टी) लागतो, आणि मधे एकदाही टोक वाकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता कागद. व्यावसायिक फुटबॉलकडे जाणारी वाट क्लब, जिल्हा संघटना, मग मुंबईतली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (राज्य संघटना) अशी जाते, आणि नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत होते. आपल्याकडे अडतं ते नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचं नावच नाही, किंवा इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. नोंदणीच्या मुदतीत हे दुरुस्त होत नाही. म्हणून बारा-तेराव्या वर्षीच महापालिकेचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, आणि पासपोर्टही त्याच नावाने काढा. जन्माची नोंद वर्षानुवर्षं उशिरा केलेली असेल तर वयाबद्दल शंका घेतली जाते आणि वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं जातं. वय कमी लावून मिळवलेली जागा तिथेच जाते. क्लब बदलताना जुन्या क्लबकडून नोंदणी मोकळी करून घ्या. तोंडी 'जा' म्हटलं आणि प्रणालीत नाव तिथेच राहिलं, तर नवा क्लब तुम्हाला खेळवू शकत नाही.

ट्रायल बहुधा मुंबईत किंवा पुण्यात आणि सकाळी लवकर. पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठेपर्यंत दहा वाजून जातात, तोवर निवड होऊन गेलेली असते. आदल्या दिवशीच मुक्कामी जा. टर्फवर चेंडू टप्पा घेतल्यावर सपाट आणि वेगात येतो, मुरमावर तो वाकडा उसळतो. नाशिकचा कीपर उसळीची वाट बघतो आणि चेंडू खालून निसटतो. शक्य असेल तर ट्रायलच्या आधी भाड्याच्या टर्फवर फक्त खालचे फटके घ्या. निवडणारे झेपांकडे कमी बघतात. क्रॉसला बाहेर येतो का, एका पायावर उडून दुसरा गुडघा वर घेतो का, आणि बोलतो का, हे बघतात. 'कीपर' ही हाक चेंडू सुटताच, मोठ्याने आणि एकदाच. 'सोड', 'टाइम', 'मागे माणूस' असे छोटे शब्द पुरेत. शांत कीपर ट्रायलमध्ये दिसतच नाही. व्हिडिओ मागितला तर निवडक बचावांची फीत नको, उंचावरून काढलेला पूर्ण सामना द्या.

करार मिळाला तर घाईने सही करू नका. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, प्रौढांचा सर्वसाधारणपणे पाच. पगार थकला तर दोन महिन्यांच्या थकबाकीनंतर क्लबला लेखी कळवून किमान पंधरा दिवस द्यायचे, त्यानंतर करार मोडता येतो. म्हणून प्रत्येक महिन्याची बँक नोंद आणि प्रत्येक पत्र जपून ठेवा. दुखापतीत उपचारांचा खर्च कोण करणार, पगार चालू राहणार का, राहायची सोय कुणाची, आणि लीग पुढे ढकलली गेली तर काय, हे चारही मुद्दे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा कुणाला जास्तीचा वाटेल, पण २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. एजंट फिफाचा परवानाधारक आहे का, हे सहीआधी तपासा.

कीपरसाठी एक जमेची बाजू आहे. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा क्लब सहसा आक्रमणात आणि मधल्या फळीत खर्च करतात, त्यामुळे गोलमध्ये बहुतेक भारतीयच उभे असतात. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळलेला गुरप्रीत सिंग संधू, इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळलेली अदिती चौहान, हे दोघेही कीपरच. अडचण अशी की संघात तिघं असतात आणि खेळतो एक. बचावपटूला बदली म्हणून वीस मिनिटं मिळतात, दुसऱ्या कीपरला पूर्ण हंगामात एकही नाही. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी मोठ्या क्लबचा तिसरा कीपर होण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळणं मी कधीही जास्त मोलाचं मानतो, कारण क्रॉसचा अंदाज सरावात येत नाही. मोठ्या क्लबची सही घेतलीत तर लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे खेळायला, पाठवण्याचं कलम मागून घ्या.

ही कारकीर्द उशिरा पिकते आणि लांब चालते. इटलीचा कीपर दिनो झोफ चाळिसाव्या वर्षी, १९८२ मध्ये, कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. इजिप्तचा कीपर एसाम अल हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळिसाव्या वर्षी खेळला आणि त्याने पेनल्टीही अडवली. म्हणून खेळत असतानाच पदवी पूर्ण करा आणि कीपिंग कोचिंगचा पहिला परवाना काढून ठेवा. नाशिकच्या अकादम्यांत फुटबॉल शिकवणारे भरपूर आहेत, कीपर घडवणारे फार थोडे. करार संपल्यावर गावात परतणाऱ्या कीपरला तिथे लगेच काम मिळतं, आणि मुरमावर पडायला शिकलेल्या माणसाकडून शिकलेली पोरं जास्त दिवस टिकतात.