आमची वाटचाल: भोसरीचा गाळा आणि एक उबुंटू

२०१७ साली भोसरी एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने घेतला तेव्हा आम्ही तिघे होतो आणि कॉम्प्युटर एकच, माझ्या भावाचा जुना लॅपटॉप. कारखान्यात माल वाहणाऱ्या, चालकाविना चालणाऱ्या ट्रॉल्या बनवायच्या होत्या. वेल्डिंग, मोटर, गिअरबॉक्सची माणसं भोसरीत हाकेच्या अंतरावर मिळतात. आमचं अडलं ते सॉफ्टवेअरपाशी.

रॉस, म्हणजे रोबोटचे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, वापरायचं ठरलं. ते आम्ही उबुंटूवर, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकारावर, चालवतो. रॉसच्या प्रत्येक आवृत्तीची उबुंटूच्या ठरावीक आवृत्तीशी जोडी असते: किनेटिकची १६.०४ शी, नोएटिकची २०.०४ शी, हम्बलची २२.०४ शी. मी दिवाळीच्या सुट्टीत नवीन आलेलं १७.१० टाकून बसलो आणि किनेटिकची तयार पॅकेजेसच मिळेनात. आठवडाभराने सगळं पुसून १६.०४ टाकलं. तेव्हापासून आधी रॉस ठरतं, मग उबुंटू.

टॅलीसाठी त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवलं होतं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. इंटरनेट नसलेल्या शेडमध्ये लॅपटॉप साडेपाच तास पुढे गेला आणि ट्रॉलीवरच्या, आजूबाजूचं अंतर मोजणाऱ्या लेझरकडून येणारी माहिती त्याला शिळी वाटू लागली. त्या माहितीवरून बनणारा नकाशा दिसेचना. दुसऱ्याच महिन्यात हप्त्यावर वेगळा डेस्कटॉप घेतला, फक्त लिनक्ससाठी.

सगळ्यात जास्त शिकवलं ते चाकणच्या पहिल्या ऑर्डरने. संध्याकाळी ट्रॉली सुरेख चालली, सकाळी चालू केली तर जागची हलेना. सुपरवायझर म्हणाले, "काल तर चालत होती की!" लेझर आणि मोटर कंट्रोलर दोन्ही यूएसबीवर. लिनक्स त्यांना सापडतील त्या क्रमाने शून्य, एक असे नंबर देतं आणि त्या सकाळी ते उलटे पडले होते. मोटरचे हुकूम लेझरला जात होते. कायमचं नाव देण्यासाठी युडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचा) नियम लिहिला, पण दोन्हींचे यूएसबी कन्व्हर्टर एकाच सीपी२१०२ चिपचे, आणि दोघांचा सीरियल नंबर ०००१! शेवटी नियम सीरियलला न बांधता यूएसबीच्या भोकाला बांधला. भोकांना आणि वायरींना लाल-पिवळा ऑइलपेंट लावला. तो रंग आजही प्रत्येक ट्रॉलीवर असतो.

डिप्लोमा करून आलेल्या आमच्या पहिल्या इंजिनिअर मुलीने एकदा विचारलं, "सर, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही आजारी पडलात तर?" मग तिनेच माझ्याकडून काढून घेऊन सगळं एका स्क्रिप्टमध्ये उतरवलं: रॉस, युडेव्हचे नियम, युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकणं, म्हणजे त्याला पोर्ट उघडायची परवानगी मिळते. पोर्ट उघडेना की चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारा हुकूम) मारायची सवय नव्या मुलांना असते. वायर काढून लावली की ते पुसलं जातं, म्हणून आमच्याकडे ते चालत नाही. हम्बलवर आल्यावर प्रत्येक ट्रॉलीला वेगळा डोमेन आयडीही तिनेच घातला, नाहीतर एकाच वायफायवरच्या दोन ट्रॉल्या एकमेकींचे हुकूम ऐकतात. पूर्वी नवा कॉम्प्युटर लावायला तीन दिवस जायचे, आता जेवणाच्या सुट्टीआधी होतो.

सध्या चाकणच्या जुन्या ट्रॉल्यांचं काम चालू आहे. त्या नोएटिकवर आहेत आणि नोएटिकचे अपडेट मे २०२५ मध्ये बंद झाले. रॉसची पुढची पिढी असलेल्या रॉस-२ वर (हम्बल त्यातलंच) नेताना बराच कोड नव्याने लिहावा लागतोय. एक ट्रॉली झाली, दोन बाकी आहेत.