दहा फुटांचा बोर घाट

लहानपणी मुंबईहून पुण्याला येताना गाडी कर्जतला थांबली की मी खिडकी सोडून दाराकडे धावायचो. मागे बँकर, म्हणजे घाट चढायला गाडी मागून रेटणारी इंजिनं लागायची, एक हलका धक्का डब्याडब्यातून पुढे सरकत यायचा आणि बाबा म्हणायचे, "लागले बघ." मग पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल. त्यामुळे घरात मॉडेल रेल्वे करायची ठरली तेव्हा काय करायचं हा प्रश्नच नव्हता: बोर घाट.

प्रमाण एचओ घेतलं, म्हणजे १:८७. यात रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचं माप आहे. आपला १६७६ चा ब्रॉडगेज याच प्रमाणात १९ मिलिमीटरच्या वर जातो. पण रूळ, सांधे, चाकं सगळं १६.५ मध्ये तयार मिळतं, म्हणून एवढी तडजोड मी मनापासून स्वीकारली. चढाच्या बाबतीत मात्र तडजोड करायला नको होती, आणि नेमकी तिथेच केली.

पहिला लेआउट आठ बाय चार फुटांच्या प्लायवर होता. गाडी गोल फिरून स्वतःच्याच मार्गावरच्या पुलावरून जाणार, त्यासाठी रूळ आठ सेंटिमीटर उचलायला हवे होते. बोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ पुढे गेलं की १ वर. त्या हिशेबाने आठ सेंटिमीटरला २९६ सेंटिमीटर लागतात, जवळजवळ दहा फूट, आणि खाली उतरायला पुन्हा तेवढेच. जागाच नव्हती. मी २० ला १ चढ दिला. तीन डबे लावल्यावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

दोन डबे ठेवले तरी पुलाजवळ गाडी मरगळायची. मी इंजिन उघडलं, मोटर साफ केली, गिअरला तेल दिलं. दोन रविवार त्यात गेले. शेवटी मल्टिमीटर रुळांना लावला: कंट्रोलरपाशी १२ व्होल्ट, पुलापाशी साडेआठ. वायर एकाच ठिकाणी जोडलेली होती आणि पुढचा सगळा करंट रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या छोट्या क्लिपांमधून जात होता. एका पावसाळ्यात त्या काळवंडल्या होत्या. प्लायही कडेने फुगला होता.

मग सगळं मोडलं. मोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बोर घाट गोल फिरत नाही, तो कर्जतहून खंडाळ्याला चढतो, हे तेव्हा नीट डोक्यात आलं. खोलीच्या दोन भिंतींना धरून एल आकाराची फळी करायची; एका टोकाला कर्जत, दुसऱ्या टोकाला खंडाळा, मध्ये दहा फुटांत आठ सेंटिमीटर चढ. जवळजवळ ३७ ला १.

सुतारकाकांना आकृती दाखवली. मी जाड पट्टी तिरकी कापा म्हणत होतो. ते म्हणाले, "साहेब, कापली की संपलं. खाली ठोकळे द्या, स्क्रूने वरखाली करता येतील." या एका सल्ल्यामुळे पुढचे सहा महिने सोपे गेले. वळणावर गाडीला जास्त ओढ लागते, म्हणून खऱ्या रेल्वेतही वळणावरचा चढ सौम्य ठेवतात. कोपऱ्यातले दोन ठोकळे किंचित उतरवले आणि फरक लगेच दिसला. प्लाय या वेळी मरीन, कडांना दोन हात वॉर्निश.

फळीखालून जाड तांब्याच्या दोन वायरी टोकापासून टोकापर्यंत नेल्या आणि प्रत्येक रुळाला त्यातून बारीक वायर सोल्डर केली. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने रूळ तापेपर्यंत प्लास्टिकचे स्लीपर वितळायचे. ६० वॅटचं आयर्न आणलं, जोडाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले, आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते), मग दोन सेकंद टेकवून लगेच उचलायचं. सोल्डर पाऱ्यासारखं चमकून रुळाला चिकटतं, तो क्षण मला अजूनही फार आवडतो. आता खंडाळ्यापर्यंत व्होल्टेज जवळजवळ तेवढंच राहतं.

आणि मग बँकर. एकाच जातीची दोन इंजिनं घेतली, दोन्ही वेगवेगळी चालवून घड्याळ लावलं, वेग जुळतोय याची खात्री केली. एक पुढे, एक मागे, मध्ये सहा डबे. कोपऱ्यात तिसरा डबा बाहेरच्या बाजूला फेकला गेला. मागून रेटा बसला की हलका डबा रूळ सोडतो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस आहे: एचओ डब्याला एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझा नऊ इंची डबा १५६ ग्रॅम हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरला ९२. लोखंडी वायसर तळाशी, दोन्ही बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या, बरोबर वर चिकटवले. वजन खालीच हवं, छताकडे नको. त्यानंतर सहाही डबे एकदाही न घसरता वर गेले.

डोंगर थर्माकोल आणि प्लास्टरचा आहे, माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. खडी बसवायला फेविकॉलमध्ये निम्मं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसेल तर पाणी खडीवर गोळा होऊन बसतं.

सध्या काम चाललंय कॅच साइडिंगचं, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवणाऱ्या चढत्या फाट्याचं. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी तिथला सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा) चढत्या साइडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. सांधा बसवून झालाय. मोटर जोडायची राहिलीय.