गॅसच्या उजेडातला पांढरा झगा

बॅले नर्तकीचा तो पांढरा, फुगीर, पातळ झगा परीकथेतूनच आला असावा, असे बहुतेकांना वाटते. कोल्हापुरात स्नेहसंमेलनांचे आणि हौशी नाटकांचे पोशाख शिवताना माझी या झग्याशी ओळख झाली, आणि त्याचा इतिहास वाचत गेल्यावर माझे मत पक्के झाले की टूटू (या झग्याचे नाव) हा मुळात एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू युरोपीय स्त्रीचा मेजवानीचा पोशाख आहे. रंगमंचासाठी तो आखूड आणि हलका केला गेला, एवढेच.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरामध्ये ‘ला सिल्फिड’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. त्यात मारी ताल्योनी हिने वायुकन्येची भूमिका केली आणि तिच्या पोशाखाचे श्रेय चित्रकार यूजेन लामी याला दिले जाते. त्या काळच्या फॅशनशी हा पोशाख ताडून पाहिला, तर खांदे उघडे टाकणारा रुंद गळा, आवळलेली कंबर आणि खाली घंटेसारखा घेर, हे सारे जसेच्या तसे सापडते. गळाल्या त्या उशांएवढ्या फुगीर बाह्या, फिती आणि रंग. घेराचा काठ गुडघा आणि घोटा यांच्या मध्यावर आला, कारण ताल्योनीचे चवड्यांच्या टोकावरचे नृत्य हेच त्या प्रयोगाचे मोठे आकर्षण होते आणि पावले दिसल्याशिवाय ते कळणार कसे?

पण नुसत्या कापाने हा झगा तरंगला नसता. त्यासाठी लागणारे जाळीचे कापड पूर्वी हाताने विणले जाई, त्यामुळे ते अतिशय महाग पडे. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हे कापड हळूहळू आवाक्यात आले. (१८१६ मध्ये यंत्रविरोधी कामगारांनी लफबरो येथील त्याच्या कारखान्यातली यंत्रे फोडली, तेव्हा तो सगळा पसारा घेऊन टिव्हरटनला गेला.) जाळीच्या जोडीला खळ दिलेली विरळ विणीची मलमलही वापरली जाई. महाद्वार रोडवर नेट घेताना मी तिचा एक पदर उजेडासमोर धरून पाहते, तेव्हा पलीकडचे सगळे स्वच्छ दिसते. चार पदर एकत्र धरले की मात्र दुधावरच्या सायीसारखा दाटपणा येतो आणि हाताची नुसती रेषा उरते. टूटूची सारी जादू याच गुणावर उभी आहे. पॅरिस ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते, त्यामुळे रंगमंचावरचा उजेड कमीजास्त करता येऊ लागला आणि मंद चांदण्याचा भास निर्माण होऊ लागला. त्या उजेडात ही पांढरी जाळी जे रूप घेत असेल, ते मेणबत्त्यांच्या काळात शक्य नव्हते. १८४१ च्या ‘जिझेल’ या बॅलेपर्यंत पांढऱ्या झग्यांतला नर्तकींचा मेळा ही बॅलेची ओळखच होऊन बसली.

याच दोन गोष्टी, विरळ सुती कापड आणि उघडी ज्योत, एकमेकींच्या वैरिणी होत्या. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर हिचा झगा दिव्याने पेटला आणि तीन दिवसांनी ती वारली. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावरील पोशाख आगरोधक द्रावणात बुडवून घेण्याचा हुकूम निघाला. पण त्या द्रावणाने कापड ताठ आणि मळकट होई, म्हणून नर्तकींना ते नकोसे वाटे. एमा लिव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. आपण नेहमीच्याच झग्यात नाचणार, असा आग्रह तिने धरला आणि तसे लिहूनही दिले. तिच्यासाठी ताल्योनीने १८६० मध्ये ‘ल पापियों’ हा बॅले बसवला होता, ज्यात फुलपाखराचे पंख मशालीच्या ज्योतीने होरपळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीत तिचा घेर गॅसच्या दिव्याजवळ गेला आणि ती आपादमस्तक पेटली. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली, तेव्हा तिला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. तिच्या झग्याचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत.

शाहू महाराजांनी उभारलेले आमचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. तेव्हापासून एमाची हकीकत मला नुसती इतिहासातली गोष्ट म्हणून वाचता येत नाही. तिचा हट्ट वेडेपणाचा होता, असे म्हणायलाही मी तयार नाही. ताठ, पिवळट घेरात तिची कला मरणार होती, हे तिला दिसत होते. शिवाय ही आपत्ती रंगमंचापुरती नव्हती. १८५६ नंतर पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावर घागरे पसरवण्याची फॅशन आली आणि घरातल्या शेकोटीपाशीही बायका पेटू लागल्या. ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी १८७१ मध्ये अशाच गेल्या.

पुढे फॅशनमधला घेर मागच्या बाजूला सरकला आणि शेवटी ओसरला, पण बॅलेने तो सोडला नाही. इटालियन नर्तकींचे तंत्र अवघड होत गेले तसा तो वर चढत गेला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या व्हर्जिनिया झुक्की हिने आखूड झग्याचाच हट्ट धरला. पुढच्या शतकात तो कमरेपाशी आडवा, ताटासारखा सपाट झाला. आज त्यात नेटचे कित्येक पदर असतात. सर्वांत खालचा सर्वांत आखूड असतो, वरचा प्रत्येक पदर थोडा लांब होत जातो आणि ते सगळे सैल टाक्यांनी एकमेकांत अडकवलेले असतात. टाका जरा ताणला गेला की पदर चिकटून बसतात आणि घेर मरतो. लेहेंग्याला कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारे आतले नेट, लावणाऱ्या कोणत्याही शिंपिणीला हे सांगावे लागणार नाही.

आता हे नेट नायलॉनचे असते. ते पेटले तर वितळून अंगाला चिकटते. म्हणून संमेलनात दिव्यांचे नृत्य असले की मी बाईंना आधीच सांगते, हातात बॅटरीवरच्या पणत्या द्या, नाहीतर कॅनकॅनचे घागरे माझ्याकडून मिळणार नाहीत.