६६ टक्के

त्या सकाळी गुडघेदुखीच्या गोळ्यांसाठी आलेल्या, सालई झाडाच्या डिंकापासून काढलेल्या अर्काच्या बॅचवर पुरवठादाराने ‘बॉस्वेलिक आम्ले ६५ टक्के’ असे लिहिले होते आणि माझ्या टायट्रेशनने, म्हणजे अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्ल मोजण्याच्या चाचणीने, त्याला दुजोराच दिला. एक ग्रॅम नमुन्याला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १४.५ मिलिलिटर लागले. दर मिलिलिटरला ४५.६७ मिलिग्रॅम बॉस्वेलिक आम्ल धरून उत्तर ६६ टक्के आले. “मॅडम, आकडा बसतोय, रिलीज करायची ना?” असे सहायकाने विचारले, तेव्हा मी ‘हो’ म्हणणारच होते.

तेवढ्यात आर्द्रतेच्या चाचणीसाठी १०५ अंशांवर ठेवलेला नमुना काढायला मी ओव्हनचे दार उघडले आणि सोल्डरिंग करताना येतो तसा वास आला. सातपुड्यात सालईची साल तासून डिंक काढताना मी पाहिले आहे. बोटांना चिकटणाऱ्या त्या ओल्या डिंकाला धुपाचा गोडसर गंध असतो. हा वास त्याचा नव्हता.

सालईचा दाहशामक गुण ज्यांच्यामुळे मानला जातो, त्या बॉस्वेलिक आम्लांपैकी अ‍ॅसिटिल-११-कीटो-बीटा-बॉस्वेलिक आम्ल हे सर्वांत प्रभावी समजतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल यांनी १९८६ साली या डिंकाच्या अर्काचा सूज उतरवणारा परिणाम प्राण्यांवर नोंदवला आणि पुढे जर्मनीत ट्युबिंगेन येथे अमोन यांच्या गटाने दाखवले, की ही आम्ले ५-लायपॉक्सिजनेज या विकराला अडवतात, त्यामुळे दाह वाढवणारी ल्युकोट्राइन्स कमी तयार होतात. टायट्रेशनला मात्र यातले काहीच कळत नाही. ते केवळ आम्ल मोजते, मग ते कोणत्याही झाडाचे असो.

मी नमुना एचपीएलसीवर लावला; हे यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर प्रत्येकाचे शिखर दाखवते. त्या अ‍ॅसिटिल-११-कीटो आम्लासारखी कीटो आम्ले २५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात स्पष्ट दिसतात. पण स्टँडर्डचे, म्हणजे तुलनेसाठीच्या शुद्ध आम्लाचे, शिखर जिथे होते, तिथे आमच्या नमुन्याची रेषा जवळजवळ सपाट होती आणि त्याच्या बरेच आधी एक मोठे अनोळखी शिखर उभे होते. मेंटेनन्स विभागातून सोल्डरिंगच्या राळेची डबी मागवून तिची चिमूट मी मिथेनॉलमध्ये विरघळवली. शिखर त्याच जागी आले, वर्णपटही तोच, २४१ नॅनोमीटरच्या आसपास माथा असलेला. ते अ‍ॅबिएटिक आम्ल होते, म्हणजे चिडाची (पाइन झाडाची) राळ. या आम्लाचा रेणुभार ३०२, तर बीटा-बॉस्वेलिक आम्लाचा ४५७. म्हणून टायट्रेशनच्या हिशेबात एक ग्रॅम अ‍ॅबिएटिक आम्ल दीड ग्रॅम बॉस्वेलिक आम्ल म्हणून मोजले जाते. राळ मिसळल्याने आकडा पडत नाही, उलट चढतो, हे त्या क्षणापर्यंत माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

गुडघे धरून जिना उतरणारी माणसे या गोळ्या महिनोन्‌महिने घेतात. त्याच पुरवठादाराच्या आधीच्या तीन बॅचेस निव्वळ टायट्रेशनवर, माझ्या सहीने, बाहेर गेल्या होत्या. बॅच नाकारल्याचा शेरा लिहून मी राखीव नमुन्यांच्या कपाटाची किल्ली घेतली. रात्री नऊपर्यंत तिन्ही बॅचेसचे क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीचे आलेख, हाती आले. त्यांपैकी दोनांत तेच शिखर होते. त्या दोन बॅचेस बाजारातून परत मागवाव्यात, असे पत्र मी घरी जाण्यापूर्वीच गुणवत्ता प्रमुखांच्या हाती दिले.