मरता मरता द्वंद्वगीत

आमच्या ओहायोतल्या गावात ऑपेरा हाउस नाही. मॉलच्या टोकाला मल्टिप्लेक्स आहे आणि तिथे अधूनमधून शनिवारी दुपारी पांढऱ्या केसांची माणसं रांगेत दिसतात. ती ऑपेराला, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाला आलेली असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात चालू असलेला प्रयोग उपग्रहावरून त्याच क्षणी पडद्यावर दिसतो. 2006 च्या डिसेंबरात हा उपक्रम सुरू झाला. मुंबईकरांनी एनसीपीए या कलाकेंद्रात असे प्रयोग पाहिलेही असतील.

मला शेजारच्या आजींनी ओढून नेलं. इथल्या रीतीने मी त्यांना नावाने हाक मारते, पण इतक्या वर्षांनंतरही दर वेळी जीभ अडखळते. तारीख 23 मार्च 2024, ऑपेरा संगीतकार गूनोचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. 1867 साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालेला, पाच अंकी, फ्रेंच. खाली इंग्रजी ओळी येतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. अडचण झाली ती कॅमेऱ्याची.

मेटमध्ये जवळपास 3,800 खुर्च्या आहेत आणि गायकाचा आवाज माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचावा लागतो, तोही खालच्या खड्ड्यातल्या वाद्यवृंदाला ओलांडून. म्हणजे तोंड पूर्ण उघडणार, मानेची शीर फुगणार. लांबून हे दिसत नसावं. आमच्या पडद्यावर मात्र बेंजामिन बर्नहाइमचा रोमिओ सूर्याला ‘ऊठ’ म्हणून आळवत होता आणि मी त्याच्या कपाळावरचा घाम मोजत होते. पहिली वीस मिनिटं मला हसू आवरेना. मग कधीतरी ते दिसेनासं झालं. ज्युलिएट झालेली नादीन सिएरा काही चौदा वर्षांची नाही, पण तिने वॉल्ट्झ नाचाच्या ठेक्यावरचं ज्युलिएटचं गाणं घेतलं आणि वयाचा प्रश्नच मिटला. बालगंधर्व उतारवयातही नायिका करायचे आणि लोक डोळे पुसायचे, असं आजोबा सांगत. ते मला इथे, पॉपकॉर्नच्या वासात पटलं.

सूर्याचं गाणं संपलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडेही तीन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. रोमिओला त्या ऐकू जाणार नव्हत्या, हे त्यांनाही माहीत होतं. मी सांगलीची. माझ्या तोंडून हलकेच ‘वन्स मोअर’ निघालं. आजींनी विचारलं, ‘काय म्हणालीस?’ काय सांगणार!

मध्यंतरात कॅमेरा पडद्यामागे जातो. काळ्या कपड्यातली माणसं भिंती ढकलत नेत असतात. सगळी जादू उघडी पडते, आणि दिवे मालवल्यावर पुन्हा पहिल्यासारखी चालते. हे कसं होतं देव जाणे.

शेवट मात्र आपल्याला माहीत आहे तो नाही. शेक्सपिअरची ज्युलिएट जागी होते तेव्हा रोमिओ गेलेला असतो. गूनोच्या ऑपेरात तो विष पितो आणि तेवढ्यात ती डोळे उघडते. (अठराव्या शतकात गॅरिक नावाच्या इंग्रज नटाने हा बदल रंगभूमीवर चांगला रुळवला होता.) आनंदाच्या भरात तो विष घेतल्याचंच विसरतो. चल, जगाच्या टोकाला पळून जाऊ, असं दोघं गातात. मग विष भिनायला लागतं. ती खंजीर काढते. देवा, क्षमा कर, एवढं दोघं मिळून म्हणतात आणि पडदा पडतो. दोन्ही घराण्यांचा समेट वगैरे काही नाही. कॅमेरा इतका जवळ होता की आजींनी पर्समधून रुमाल काढला आणि अर्धा मला दिला, म्हणजे टोक धरायला.

प्रयोग संपला तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून आईला रविवारी फोन केला.

‘मरताना कसलं गं गाणं? आणि इतका वेळ?’

‘आपल्याकडे नाही का गात?’

‘आपलं वेगळं.’ थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, ‘म्हणजे ती उठली तेव्हा तो जिवंत होता?’

‘हो.’

‘बोलले दोघं?’

‘गायले.’

‘तेच ते. बरं झालं बाई.’