फ्रीटाउनचं म्युझियम आणि सोवेईचे मुखवटे

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेलात तर राजधानी फ्रीटाउनचं नॅशनल म्युझियम चुकवू नका. जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत १९५७ साली सुरू झालेलं, अगदी छोटं आहे. जवळच तो प्रसिद्ध कॉटन ट्री, म्हणजे सावरीच्या जातीचं जुनं प्रचंड झाड, होता, मे २०२३ च्या वादळात पडला बिचारा.

मी गेले ते सोवेई मुखवट्यांसाठी. आफ्रिकेत मुखवटे घालून नाचतात ते बहुतेक पुरुषच, पण इथे मेंदे आणि शेजारच्या जमातींत सांदे नावाची बायकांची संस्था आहे, फ्रीटाउनकडे तिलाच बोंडो म्हणतात, मुली वयात आल्या की त्यांची दीक्षा तिच्यातच होते आणि तिचा मुखवटा बाईच घालते. कोरतात मात्र पुरुष, एकाच लाकडातून, आतून पोकळ, म्हणजे अख्खं डोकं आत जातं. खालच्या कडेला भोकं असतात, त्यात राफियाचे (एका ताडाच्या पानांच्या तंतूंचे) काळे झुपके बांधतात, नाचणाऱ्या बाईचं अंग कुठूनच दिसू द्यायचं नाही, कारण तेव्हा ती अमकीची तमकी नसते, पाण्यातून वर आलेली देवता असते.

मी काचेला नाक लावून बघत बसले. काळाभोर चकचकीत रंग, भलंमोठं कपाळ, मिटल्यासारखे डोळे, एवढंसं बंद तोंड (चांगल्या बाईने उगाच बडबडू नये म्हणून, हे मला नाही पटलं), आणि मानेवर वळ्याच वळ्या, कोणी त्यांना पाण्यावरचे तरंग म्हणतं तर कोणी भरल्या अंगाची खूण. केशरचना तर काय सांगू, वेण्या, खोपे, बारीक रेघा, मागूनसुद्धा तेवढंच काम! ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे त्याच्या डोक्यावर चक्क युरोपियन हॅट कोरलीय, १८८६ मध्ये लंडनला पोचलेला.

पण नुसतं सुंदर सुंदर म्हणून मला थांबता येत नाही. याच दीक्षेत मुलींची सुंताही होते, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापतात, २०१९ च्या सर्व्हेत १५ ते ४९ वयातल्या ८३ टक्के बायकांची झालेली होती. त्रास आयुष्यभराचा आणि काही मुली तर जिवाला मुकतात. तिथल्याच काही बायका आता कापण्याशिवाय बोंडो करायला लागल्यात, शिकवणं, गाणी, नाच, मुखवटा सगळं तसंच, फक्त ब्लेड नाही. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.